बिनरेघांचा अंगठा

"हा शिक्का तुमचाच ना?"

"शिक्का कचेरीचा, साहेब. लाख तेवढी मी लावली."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं तसा तो लगेच विझलाही. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या शिपायाला मात्र लोक कशाला हसले ते कळलं नाही. त्याने विचारलं तेवढंच सांगितलं होतं.

निवडणूक एकोणीस मतांनी लागली होती. हरलेल्यांनी फेरमोजणी मागितली, जिंकलेल्यांनी नको म्हटलं. चार महिने दोन्हीकडचे वकील भांडले आणि शेवटी मतपत्रिकांच्या बत्तीस थैल्या कोर्टात आल्या. एकतीस थैल्या मोजून झाल्या, शिपायाने पुन्हा बंदही केल्या, तरी फरक तेवढाच राहिला. मग हरलेल्यांच्या वकिलाला बत्तिसाव्या थैलीच्या लाखेचा वास येऊ लागला. तीत सहाशे बारा मतं होती आणि त्यांतली बरीचशी समोरच्याची. ही लाख नंतर कोणीतरी लावली आहे, तेव्हा थैलीच बाद करा, असं त्याचं म्हणणं होतं.

शिपायाला कचेरीत सगळे लाखमोले म्हणत. खरं आडनाव फक्त पगारपत्रकात होतं. एकतीस वर्षं तो एकच काम निगुतीने करत आला होता. लाख मेणबत्तीवर धरायची, थेंब दोरीच्या गाठीवर पाडायचे, अंगठा पाण्यात बुडवून लाखेची कड दाबायची, म्हणजे ती दोरी धरते, आणि मग पितळी शिक्का. पाणी नावालाच. अंगठा भाजून भाजून गुळगुळीत झाला होता. रेघा गेल्या, मग जाणीवही गेली. कचेरीत हजेरीचं मशीन आलं तेव्हा त्याने हा अंगठा अकरा वेळा नाकारला. हेडक्लार्क बाई म्हणाल्या होत्या, "मशीनच्या हिशेबी तुम्ही जन्मात कामावर आला नाहीत, लाखमोले!" तेव्हापासून तो वहीत सही करायचा.

वकिलांनी लाखेचा रंग विचारला, दोरीची जाडी विचारली, शिक्का किती अंशांनी तिरका आहे तेही विचारलं. अंगठा कोणी विचारला नाही. एकतीस थैल्यांच्या लाखेवर कडेला गुळगुळीत खळगा होता. बत्तिसाव्या खळग्यात रेघा होत्या, पाण्यावरच्या तरंगांसारख्या, स्वच्छ. टेबलावरच पडल्या होत्या. लाखमोलेने त्या पिंजऱ्यातून पाहिल्या आणि नजर काढून घेतली.

त्या रेघा हेडक्लार्क बाईंच्या होत्या.

निकालाच्या दिवशी एकतीस थैल्या बंद झाल्या आणि हॉस्पिटलातून फोन आला. बाईंनी त्याच्या हातातली लाखेची कांडी काढून घेतली. "जा तुम्ही. एकच राहिलीय, मी लावते. मला काय हात नाहीत?" तो गेला. थैल्यांच्या वहीत बत्तीसही रकान्यांत त्याच्या सह्या आधीच झालेल्या होत्या. सगळ्याच कचेऱ्यांत त्या आधी होतात, काम मागून होतं. बत्तिसाव्या सहीपुढे बाईंनी वेळ घातली, चार पंधरा. त्याची बायको गेली चार वीसला.

आता बाई तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. निवृत्तीला अकरा महिने राहिलेले. उजवा हात त्यांनी पर्समध्ये घातला होता आणि तासभर तो बाहेर काढला नव्हता.

त्यांच्या मागच्या बाकावर त्याची मुलगी होती. ती दुसऱ्या गावाहून त्या दिवशी उशिरा पोचली होती आणि तिने एकच विचारलं होतं, "बाबा, तुम्ही होतात ना जवळ?" तो "होतो" म्हणाला होता. त्या एका शब्दावर तिने चार महिने काढले होते.

आदल्या दिवशी दोन्ही वकील घरी येऊन गेले होते. हरलेल्यांचा म्हणाला, "तुम्ही फक्त खरं बोला." जिंकलेल्यांचा म्हणाला, "तुम्ही फक्त हो म्हणा." वकील 'फक्त' म्हणाला की समजावं, काम जड आहे.

"चार पंधराला ही थैली तुम्ही बंद केलीत. वहीत सही आहे."

"आहे."

"आणि चार वीसला तुमच्या पत्नी गेल्या. हॉस्पिटलचा दाखला माझ्याकडे आहे." वकिलाने आवाज मऊ केला. "काका, बायको शेवटच्या घटका मोजतेय आणि नवरा कचेरीत लाख वितळवत बसलाय? कोण माणूस असं करेल? सांगून टाका ना, तेव्हा तुम्ही कचेरीत नव्हतात."

जिंकलेल्यांचा वकील ताडकन उठला. "साक्षीदाराच्या दुःखाचं भांडवल करताहेत, महाराज!" काल याच दुःखाला तो हार घेऊन आला होता.

"उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

लाखमोलेने मागच्या बाकाकडे पाहिलं नाही. "मी शेवटपर्यंत खोलीतच होतो."

"नक्की?"

"नक्की."

खोली कुठली, हे कोणी विचारलं नाही. टंकलेखकाने ते वाक्य जसंच्या तसं टिपलं. सगळ्या साक्षीत पुरतं खरं असं तेवढंच एक वाक्य होतं. हॉस्पिटलात पलंग खिडकीशी होता. त्याने तिचा हात उजव्या हातात धरला होता, अंगठा मनगटावर. नर्स येऊन म्हणाली होती, "आजोबा, सोडा आता." हात गार कधी पडला, हे अंगठ्याला कळलं नव्हतं. त्यानंतर बाकीच्या अंगालाही फारसं काही कळेनासं झालं होतं.

न्यायाधीशांनी थैली मोजायचा हुकूम दिला. कारकुनाने लाख फोडली. तुकडे फरशीवर पडले, कोणाच्या तरी बुटाखाली गेले.

मोजणी चालू असताना तो बाहेर व्हरांड्यात आला. मुलगी आधीच तिथे होती. दोन हातांवर दोन्ही पक्षांची माणसं पालींसारखी भिंतीला चिकटून उभी होती, कान इकडे करून.

"म्हणजे नव्हतात तुम्ही," ती म्हणाली.

"होतो."

"आत्ता शपथेवर काय सांगितलंत मग?"

"खोलीत होतो म्हणून."

"ऐकलं मी ते. सगळ्या कोर्टाने ऐकलं." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मग माझ्याशी खोटं बोललात की त्यांच्याशी?"

हरलेल्यांचा एक माणूस बुटाची नाडी बांधायला वाकला. बुटाला नाडी नव्हती.

"घरी सांगतो सगळं," लाखमोले म्हणाला.

"घरी शपथ कुठे असते, बाबा!" तिने त्याची छत्री त्याच्या हातात दिली. "पाचची गाडी आहे माझी."

आतून पुकारा झाला. सहाशे बारा मतं जशीच्या तशी निघाली. फरक एकोणीसचा एकोणीस राहिला. एका बाजूने घोषणा झाल्या, दुसऱ्या बाजूने वरच्या कोर्टाचं नाव घेतलं गेलं, आणि पाच मिनिटांत दोन्ही बाजू जिना उतरून गेल्या. मागे राहिली थैली. ती पुन्हा बंद करायची होती.

त्याने मेणबत्ती लावली. लाखेचे थेंब गाठीवर पाडले. बाई शेजारी शिक्का धरून उभ्या होत्या. त्याने अंगठा पाण्यात बुडवला आणि कड दाबली. आता बत्तीसच्या बत्तीस सारख्या झाल्या.

दाराशी कोणी नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दोन मिनिटं होती. तो घड्याळाकडे पाहत राहिला. पाच वाजले, वर एक मिनिट झालं. लाख केव्हाच घट्ट झाली होती.

"लाखमोले," बाई हळूच म्हणाल्या, "उचला आता अंगठा."