चौदा शून्यं

निरुपमाने जंगल-आराखड्याचा नकाशा मुकुंद सरांच्या जेवणाच्या टेबलावर आपटला, तसा चहा बशीत सांडला. सरांच्या पत्नी स्नेहलताकाकू कप उचलून आत गेल्या.

"नदीपलीकडचं खोरं वगळलंत तुम्ही."

"मी नाही. माकडांनी वगळलं."

दक्षिणेतल्या त्या सदाहरित जंगलाचा कुठला भाग राखायचा, हे सिंहपुच्छ माकडांवरून ठरणार होतं. इतर जिवांची धड नोंद कुणाकडे नव्हती. या माकडांची वीस वर्षांची सरांकडे होती. माकडं असतील ते जंगल धडधाकट, ते राखायचं. खोऱ्यात माकडं नाहीत म्हणून तिथून रस्ता जाणार होता, आणि रस्ता गेला की खोरं संपलंच.

"माकडं आहेत तिथे. गेल्याच महिन्यात मी हाका ऐकल्या."

"ऐकल्या!" सर कुत्सित हसले. कारेलीबागेतल्या याच घरात त्या हसण्याने ती विद्यार्थिनी असताना कितीदा रडवेली झाली होती. आज नुसता संताप आला. सरांनी कपाटातून एक जुनी वही काढून तिच्यापुढे फेकली. "अक्षर कुणाचं? त्या खोऱ्यातले चौदा दिवस, चौदा शून्यं. यावरच पीएचडी मिळाली ना? बस, आता आवजो! नीघ."

निरुपमा उठली नाही.

"मी खोऱ्यात गेलेच नव्हते. पूल वाहून गेला होता. रकाना रिकामा दिसला की तुम्ही वही तोंडावर मारायचात, म्हणून शून्य लिहिलं."

"ठाऊक आहे."

तिने वही दूर सारली.

"पुलाचं तेव्हाच कळलं होतं मला. तरी सही केली." सरांनी आवाज खाली आणला. "आता उकरून काढलंस तर तुझी पदवी जाईल आणि माझं नाव. एवढ्याशा खोऱ्यापायी?"

अकरा वर्षं हे उघडं पडेल म्हणून ती जीव मुठीत धरून होती, आणि हा माणूस सगळं जाणून गप्प बसला होता. तिला त्याची किळस आली, स्वतःची त्याहून जास्त. तिने पर्समधून कागद काढला आणि आराखडा समितीला पत्र लिहायला घेतलं.

"आज तारीख काय, सर?"

सरांनी तोंड फिरवलं.

"एकवीस," आतून काकू म्हणाल्या. "आणि सही कुणाची होती, तेही लिही."