शिवणारीची फाटकी पिशवी

साहेब, माझ्या मालकिणीला रुग्णालयाच्या फाटकावरून परत पाठवताना तुम्ही बोट माझ्याकडे दाखवलंत. "जिची स्वतःची पिशवी फाटकी, ती आमचं काय शिवणार?" असं म्हणालात आणि वर हसलात. तिच्या हातची एक टीपसुद्धा न बघता तुम्ही निकाल दिलात. म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

मित्रांनो, मी एक जुनी पाठीवरची पिशवी आहे. तंबूच्या उरलेल्या जाड कापडातून माझा जन्म झाला. तंबूवाल्याच्या दुकानात शिवण करणाऱ्या बाईनं मला स्वतःसाठी शिवलं. सगळे तिला मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तिनं माझ्या तळाला दुहेरी शिवण घातली, पट्टे ओढून बघितले आणि म्हणाली, "ही काही माझ्याआधी जायची नाही." माझं झालेलं ते पहिलं कौतुक. बहुतेक शेवटचंही.

कामातून मोकळी झाल्यावर मावशी फिरायला लागली. डोंगर बघायचे, समुद्र बघायचा, पोटभर जेवायचं आणि मला उशाशी घेऊन झोपायचं. ते माझे सुखाचे दिवस.

मग एका गावात आमची बस चुकली. दुसरी बस थेट संध्याकाळी. थांब्यामागे एक छोटं रुग्णालय होतं आणि त्याच्या मागच्या अंगणात चादरी वाळत होत्या. मावशी दोरीकडे बघत राहिली आणि सरळ आत शिरली.

"ताई, तुमच्या सगळ्या चादरी मधोमधच फाटल्यात," ती परिचारिकेला म्हणाली.

"माणूस मधोमधच झोपतो ना, मावशी. शिवायला कोण आहे इथं?"

"संध्याकाळपर्यंत मी आहे की. सुई माझी, दोरा माझा."

तिनं चादरी मधून उभ्या कापल्या, धड राहिलेल्या कडा मध्ये आणून जोडल्या आणि विरलेला भाग कडेला नेला. परिचारिका बघतच राहिली. आणि माझे ग्रह फिरले.

त्यानंतर कुठल्याही गावात उतरलो की मावशी इमारतींच्या मागे जायची आणि दोरी बघायची. "पुढच्या पाटीवर काहीही लिहितील. मागच्या दोरीवर काय वाळतंय ते बघावं, कुणाला काय हवंय ते कळतं," असं म्हणायची. अशी दोरी बघत बघत तिनं पाळणाघरातले अभ्रे शिवले, शाळेचे पडदे शिवले, एका चिंधीच्या सशाला कान लावला. कान! त्या सशाला तो एक तास मांडीवर घेऊन बसली होती. मी शेजारी जमिनीवर.

माझा डावा पट्टा तुटला तेव्हा काय केलं असेल? सेफ्टीपिन लावली. "तुला काय घाई? तू घरचीच," म्हणाली. घरचीच! मित्रांनो, या शब्दाइतका फसवा शब्द नाही. पाहुण्याला पाट आणि घरच्याला वाट.

सगळ्यात जास्त मी जळले ती ड्रायव्हरकाकांच्या शर्टांवर. गेल्या वर्षी आम्ही त्या पहिल्या रुग्णालयात पुन्हा गेलो, तेव्हा ते तिथं मुक्कामाला होते. अपघातात त्यांचा उजवा हात गेलेला. "बटण लावायला रोज कुणाला तरी हाक मारतो," ते म्हणाले. "चाळीस माणसं भरलेली बस चालवली मी. आता शर्ट चालवता येत नाही."

मावशीनं त्यांच्या एका शर्टाची काजं बुजवली आणि आतून चिकटपट्टी लावली, दाबली की बसते आणि ओढली की सुटते तशी. बटणं मात्र वरून तशीच शिवली. "दिसायला शर्टच दिसला पाहिजे," म्हणाली. काकांनी तो एका हातानं घातला. आणि काढला. आणि पुन्हा घातला.

"उरलेले पुढच्या खेपेला," मावशीनं शब्द दिला. मग वर्षभर ती चिकटपट्टी माझ्या सगळ्यात चांगल्या कप्प्यात, आणि माझ्या खांद्याला गंजकी पिन. अंगाची लाही नाही होणार तर काय?

यंदा गेलो, तर फाटकावर तुम्ही, साहेब. तुमच्यासमोर नव्याकोऱ्या चाकांच्या बॅगांची रांग. सेवा करायला निघालेल्या प्रवाशांच्या. आत भिंत रंगवायची होती, जिचा आधीच्या तुकडीनं दिलेला रंग अजून चकाकत होता. त्या गुळगुळीत बॅगांचा मला इतका हेवा वाटला, की विचारू नका. त्यांतल्या एकीच्या जरी पोटात सुई असली, तर नाव बदलीन. पण त्या आत गेल्या आणि आम्ही बाहेर.

ड्रायव्हरकाका गजांपाशी आले. अंगात तोच एक शर्ट, कॉलर विरलेली.

"मावशी, बाकीचे शर्ट बाहेर आणून देऊ?"

"रुग्णांचे कपडे बाहेर न्यायचे नाहीत," पहारेकरी खाली बघत म्हणाला. "साहेबांचा नियम आहे, काका. माझा नाही."

"हाच रोज धुतो," काका म्हणाले. "नाही वाळला तर ओलाच घालतो. पण हाक मारत नाही कुणाला."

मावशी समोरच्या बाकावर बसली, मला मांडीवर घेतलं आणि पिन काढून फेकली. काकांच्या शर्टांसाठी आणलेल्या दोऱ्यानं तिनं माझा पट्टा शिवला. चार पदरी. इतकी वर्षं मी याच्यासाठी झुरले. आणि मांडीवर पडून मी सगळा वेळ गजांपलीकडच्या दोरीकडेच बघत होते. तिच्यावर मधोमध फाटलेल्या चादरी वाळत होत्या.

मित्रांनो, परगावी गेलात आणि हातात वेळ उरला, तर मागची दोरी बघा आणि काय हवंय ते विचारा. पण निघण्याआधी घरच्यांचे पट्टेही बघा. घरचं माणूस मागत नाही, म्हणजे त्याचं फाटत नाही असं नाही.

खोटं कशाला सांगू, त्या शर्टांवर मी अजूनही जळते. पण ओला शर्ट अंगावर वाळवणाऱ्या माणसाशी माझं भांडण नाही. माझं भांडण तुमच्याशी आहे, साहेब. आम्ही समोरच्या बाकावरच बसलोय. पट्टा पक्का झालाय, या आणि ओढून बघा. आता सांगा, फाटक का बंद आहे?