हात लावशील का?

आमच्याकडे ऑगस्टात टोमॅटोचा दिवस असतो. वर्षभर पास्त्यावर घालायचा सॉस त्या एका दिवसात उरकतात. सासूच्या अंगणात चुलाण पेटतं, नणंद आणि तिचा नवरा येतात. मग पेट्याच्या पेट्या टोमॅटो धुवायचे, उकडायचे, यंत्रातून गाळायचे, बाटल्यांत भरून बुचं ठोकायची आणि त्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून मोठ्या पिंपात पुन्हा उकळायच्या. त्या दिवशी सकाळी माझी सासू इन्कोरोनाता कमरेला फडकं खोचून भर अंगणात मला विचारायची,

"मारियान्जेला, हात लावशील का?"

म्हणजे पाळी आलीय का. पाळीतल्या बाईचा हात लागला की सॉस नासतो, बाटल्या फुटतात, असं आमच्या गावच्या म्हाताऱ्या मानतात. माझी नणंद तित्सियाना हिला हा प्रश्न असा मोठ्याने कुणी विचारला नाही. तिला दोन मुलगे झालेले, ती अडचण असली की आपणहून बाजूला व्हायची. मला विचारायचं कारण वेगळं होतं. माझ्या उत्तरातून म्हातारीला आणखी एक बातमी काढायची असायची. मी "नाही लावत" म्हटलं की अख्ख्या अंगणाला कळायचं, याही खेपेला काही नाही. तित्सियानाचा नवरा रोक्को तेवढ्यापुरता टोमॅटोच्या पेटीत डोकं घालायचा आणि मी चुलाणाशी जाऊन लाकडं सारत बसायची. माझी पाळीही इतकी द्वाड, की टोमॅटोचा मुहूर्त सहसा चुकवायची नाही. एकदाच "लावते" म्हटलं, तर म्हातारीचे डोळे असे लकाकले, की पुढच्या आठवड्यात तिला खरं सांगताना मला चोरी पकडली गेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा साव्हेरिओ, माझा नवरा, म्हणाला, "मूल हवंय ना आपल्याला? मग ते तुझ्याच पोटातून यावं असं कुठे लिहिलंय?" तो शेतांना पाणी देणारे पंप दुरुस्त करतो. एक भाग चालेना तर दुसरीकडचा आणून बसवायचा, हा त्याचा धर्म. आम्ही परदेशातलं मूल दत्तक घ्यायचा अर्ज केला.

मग कोर्ट झालं, तपासण्या झाल्या. मानसतज्ज्ञ बाई घरी येऊन आमचा फ्रिजसुद्धा उघडून बघून गेल्या. "तुमची भांडणं होतात का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही गेलात की सुरू करतो," साव्हेरिओ म्हणाला. मी टेबलाखालून त्याला अशी लाथ घातली, की तेच त्यांना उत्तर मिळालं असणार.

त्यानंतर नुसती वाट बघणं. लोकांना वाटतं वाट बघणारी माणसं खिडकीत उभी असतात. तसं काही नसतं. मी चष्म्याच्या दुकानात जायची, लोकांच्या नाकावर चौकटी बसवायची, घरी येऊन कपडे वाळत घालायची. फक्त फोन न्हाणीघरातही बरोबर न्यायची. रिकाम्या खोलीतली चादर दर शनिवारी बदलायची, कुणी झोपलेलं नसतानाही. साव्हेरिओ म्हणायचा, "धूळ तरी आरामात झोपू दे तिथे." पण खिडकीची कडी त्याने तीनदा बदलली, मुलाच्या हाताला सोपी जावी म्हणून. अशी वर्षं गेली. दत्तक संस्थेतल्या क्वारान्ता बाई फोन करायच्या आणि म्हणायच्या, धीर धरा.

आणि एका फेब्रुवारीत फोटो आला. येसेनिया, कोलंबियाची, सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. कॅमेऱ्याकडे अशी बघत होती जणू फोटो काढणाऱ्याने तिचे पैसे बुडवलेत. साव्हेरिओ माझ्या दुकानात आला, फोटो पाहिला आणि म्हणाला, "ही तुझ्यावर गेलीय." मी हसता हसता इतकी रडले, की दुकानातल्या गिऱ्हाईकाने मला पाणी आणून दिलं.

रविवारी संध्याकाळी तिच्याशी फोनवर समोरासमोर बोलायची परवानगी मिळाली. साव्हेरिओ गाडी चालवताना स्पॅनिश घोकायचा आणि पंपांशीही स्पॅनिशमध्ये बोलायचा. पहिल्या रविवारी तिने विचारलं, घरात कुत्रा आहे का. नाही म्हटल्यावर तिचा आमच्यातला रस संपलाच. मग म्हणाली, "तुम्ही खाता काय?"

साव्हेरिओ धावत जाऊन सॉसची बाटली घेऊन आला आणि तिला दाखवू लागला.

"तिखट असतं?"

"नाही."

"मग खाता कशाला?"

आम्ही हसत सुटलो. ती हसली नाही. म्हणाली, "माझी वेगळी बाटली असेल? का सगळ्यांची एकच?"

ती जिथे राहत होती तिथे सगळं सगळ्यांचं होतं. मोजेसुद्धा. "तुझी वेगळी," साव्हेरिओ म्हणाला. "तुझ्या नावाची. शपथ."

हे मी सासूला सांगितलं. सासूने परदेशी मुलीबद्दल आधी बरंच नाक मुरडलं होतं. काळी आहे का, प्रार्थना येते का, असलं सगळं विचारून झालं होतं. पण ही वेगळ्या बाटलीची गोष्ट ऐकली आणि दुसऱ्या दिवसापासून म्हातारी कोपऱ्यावरच्या बारमध्ये जाऊन फळांच्या रसाच्या रिकाम्या छोट्या बाटल्या गोळा करायला लागली. बारवाल्याला सांगायची, "नातीसाठी." जुलै संपेपर्यंत सगळ्या गावाला नात माहीत झाली होती. तिकडच्या न्यायाधीशाची शेवटची सही तेवढी राहिली होती. ऑक्टोबरात आम्ही आणायला जाणार होतो.

टोमॅटोच्या दिवशी सकाळी सासूने काही विचारलंच नाही. मीच म्हटलं, "मम्मा, मी चुलाणाशी बसते. यंदाही मुहूर्त साधलाय."

"गप," ती म्हणाली. "हात धू आणि ये इकडे. पोरगी विमानातून येतेय, तुझ्या पोटाचा आता काय संबंध? तिच्या बाटल्या तिच्या आईने भरायच्या. नाही तर काय रोक्कोने भरायच्या?"

"मी भरल्या तर निम्म्या भरताभरताच संपतील," रोक्को म्हणाला.

तित्सियाना माझ्याकडे बघत होती. तिच्याही लक्षात आलं होतं, की म्हातारीने मला पहिल्यांदा आई म्हटलं. मी हात धुतले. इतकी वर्षं या अंगणात येऊन मी कधी नीट सॉस भरला नव्हता. माझ्या वाट्याला यायचे ते धुराने भरलेले डोळे. त्या दिवशी मी येसेनियाच्या बाटल्या भरल्या, प्रत्येकीत बेसिलचं एकेक पान घातलं आणि बुचं ठोकली. साव्हेरिओने त्या पिंपात मधोमध ठेवल्या, चहूबाजूंनी मोठ्या बाटल्यांचा आडोसा करून. खाली जाळ घातला.

पाणी उकळायला लागलं आणि माझा फोन वाजला. मी घरामागे अंजिराखाली गेले.

"मारियान्जेला," क्वारान्ता बाई म्हणाल्या, "साव्हेरिओ जवळ आहेत का?"

तेवढ्यावरूनच मला कळलं. बाकीचं त्या सांगत गेल्या. येसेनियाची आजी सापडली होती, वडिलांची आई. मुलगा आणि सून गेल्यावर नात कुठे आहे हे तिला कळलंच नव्हतं. ती डोंगरातल्या गावाहून शोधत आली, न्यायाधीशापुढे उभी राहिली आणि न्यायाधीशाने मुलगी तिला दिली. येसेनिया गेलीही होती तिच्याबरोबर.

"खुश आहे का ती?" मी विचारलं.

"हो. आजीचा हात सोडत नव्हती म्हणे."

"बरं," मी म्हटलं.

अंगणात आले तर साव्हेरिओ पिंपातलं गोणपाट काठीने दाबत कुठलंसं स्पॅनिश गाणं रेकत होता. तित्सियाना कानांवर हात ठेवून ओरडत होती, "पोरगी विमानतळावरूनच परत जाईल रे!" जाळावरचं पिंप सोडून कुणी हलायचं नसतं. पाणी आटलं तर बाटल्या फुटतात. मग जाळ विझवून ते सकाळपर्यंत तसंच निवू द्यायचं, मध्येच एकही बाटली काढायची नाही. म्हटलं, पिंप निवेपर्यंत तरी या माणसाला बाप राहू दे.

दुपारी ताज्या सॉसचा पास्ता झाला. सासू बाकाकडे बोट दाखवून म्हणाली, "पुढच्या वर्षी इथे उशी लागेल. बुटकी आहे ती."

"उशी कशाला, मांडी आहे की माझी," साव्हेरिओ म्हणाला.

मी ताटलीतलं सगळं खाल्लं. वर पावाने पुसूनही घेतलं. कसं खाल्लं ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पिंपाभोवती जमले. सासूने बाही वर सारली आणि गार पाण्यात हात घातला. मोठ्या बाटल्या निघाल्या, मग छोट्या. पिंपाचा तळ लागला. एकही फुटली नव्हती.

"बघ!" म्हातारी आनंदाने ओरडली. "एक म्हणून नाही! आणि मी मूर्ख बाई, इतकी वर्षं तुला धुरात बसवत होते." तिने एक छोटी बाटली उन्हात धरली. आत बेसिलचं पान काचेला चिकटलं होतं. "माफ कर हं मला, मारियान्जेला."

मी म्हटलं, "मम्मा, ती येत नाहीये."

मग सगळं सांगितलं. सगळ्यांदेखत, तिथेच. साव्हेरिओने फक्त विचारलं, "कधी कळलं?"

"काल. जाळ चालू होता तेव्हा."

त्याने मान हलवली. "आजी आहे तर तिला. चांगलं झालं." आणि तो बाटल्या पुसायला लागला. एक पुसायचा, पेटीत ठेवायचा, दुसरी घ्यायचा. "चांगलंच झालं की. आजी आहे." छोट्या बाटल्यांशी आला तेव्हा त्याचा हात थांबला. तो पालथ्या पेटीवर बसला आणि ओलं फडकं तोंडावर दाबून रडला. रोक्को त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्या दिवशी त्याला एकही विनोद सुचला नाही.

सासू जागची हलली नव्हती. "मी हात लावायला लावला," ती म्हणाली.

"मम्मा, काहीतरीच काय बोलता?"

"मीच लावायला लावला. बाटल्या फुटायच्या त्या फुटल्या नाहीत आणि ते पोरीवर गेलं. फुटायला हव्या होत्या गं. सगळ्या फुटायला हव्या होत्या."

इतकी वर्षं मला या बाईला ओरडून सांगायचं होतं, की हा तुमचा नियम म्हणजे शुद्ध खुळचटपणा आहे. आणि सांगायची वेळ आली ती अशी. तिला मिठीत घेऊन मी सांगत होते, "खोटं आहे ते, मम्मा, सगळं खोटं आहे." खरं बोलायचं तर त्या घटकेला मलाही ते पटलं होतं. मी माझ्या हातांकडे बघितलं होतं.

आमच्याकडे घरात कुणी गेलं, की काही दिवस चूल पेटत नाही, शेजारीपाजारी जेवण आणून देतात. आम्हाला कुणी आणलं नाही. आणणार तरी काय म्हणून? मुलगी मेली नव्हती, हरवली नव्हती, आपल्या माणसांत गेली होती. दुकानात येणारा जो तो म्हणायचा, पोरीचं भलं झालं. मी म्हणायची, हो ना. ते खरंच होतं. तिकडच्या त्या आजीबद्दल मनात वाईट आणावं तर मी राक्षसीण, आणि न आणावं तर हे सगळं कुणाच्या नावाने रडायचं? शनिवारी मी त्या खोलीतली चादर बदलत राहिले. साव्हेरिओ आता त्यावर काही बोलत नव्हता.

हिवाळ्यात एकदा मटार सोलताना सासूने विचारलं, "तिकडच्या आजीला सॉस करता येतो का?"

"तिकडे दुसरं काहीतरी करत असतील, मम्मा."

"असू दे. पण पोरीचं वेगळं काढून ठेव म्हणावं. तिला वेगळं लागतं." आणि थोड्या वेळाने, "तिला कळवता येईल का गं कुणाकडून?"

"नाही," मी म्हटलं.

वसंतात क्वारान्ता बाईंनी विचारलं, नाव पुन्हा यादीत घालू का. साव्हेरिओने फोन माझ्या हातातून घेतला, "नको, बाई," म्हणाला, आणि त्यांचे आभारही मानले.

यंदाचा टोमॅटोचा दिवस आला. चुलाण पेटलं. सासूने मला काही विचारलं नाही. माझ्याकडे बघायचंही ती टाळत होती. मी सवयीने लाकडांपाशी गेले, मग परत फिरले आणि तिच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं,

"मम्मा, मी हात लावू शकते. आता कायमची."

तिने मान वर केली. वर्षभर माझी पाळी नव्हती, डॉक्टर म्हणाले वेळेआधी गेली, होतं असं. हे मी साव्हेरिओशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. म्हातारीला फोड करून सांगावं लागलं नाही. तिने आपल्या हातातला मोठा डाव माझ्या हातात दिला, कमरेचं फडकं सोडून माझ्या कमरेला बांधलं आणि स्वतः जाऊन चुलाणाशी धुरात बसली.

दुपारी जेवायच्या वेळी ती तळघरात गेली आणि मागच्या वर्षीच्या छोट्या बाटल्या ओच्यात घेऊन वर आली. वर्षभर त्यांना कुणी हात लावला नव्हता. "अन्न आहे," ती म्हणाली. "टाकायचं नाही." साव्हेरिओने एकेक बूच उघडलं. सगळ्या बाटल्या मिळून जेमतेम एक भांडं भरलं. आम्ही पाच जणांनी ते वाटून घेतलं.

सासूने पहिला घास घेतला आणि बराच वेळ तो तोंडातच घोळवला.

"नासला नाही," ती म्हणाली.