मधला आयन

रविवारी दुपारी रसायनशास्त्र विभागात ती एकटीच होती. पहारेकरी वहीत सही घेऊन खाली गेला होता. व्हॅक्यूम पंपाची घरघर, तेवढीच काय ती सोबत.

तिच्या सरांनी तीस वर्षांपूर्वी एका अभिक्रियेचा मार्ग मांडला होता. सगळं एका दमात घडतं, मध्ये कुठे थांबा नाही. त्याच मांडणीवर तिची पीएचडी झाली. आज तिने तेच द्रावण यंत्रात फवारलं आणि आयन ट्रॅपमध्ये, म्हणजे विजेच्या अदृश्य कोंडवाड्यात, एकाच वजनाचे आयन अडवले. बाकीचे हाकलून दिले. मग आत थोडी पाण्याची वाफ सोडली. वजन अठराने, म्हणजे पाण्याच्या एका रेणूइतकं, वाढलं. सुरुवातीचा किंवा शेवटचा पदार्थ पाण्याला असा धरत नाही, हे तिने आधीच तपासलं होतं. जड पाणी वापरून पाहिलं, तर वीसने वाढलं. नऊ वेळा केलं. म्हणजे पाणी धरणारा कुणी तिसराच मध्ये होता. थांबा होता. सर चुकले होते.

तिने भावाला फोन लावला.

"दादा, मला आज एक मोठी गोष्ट सापडली."

"अरे वा! हरवलं काय होतं?"

तिला हसू आलं. ती समजवायला लागली, तोच पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली. "संध्याकाळी बोलू गं," म्हणत त्याने फोन ठेवला.

मग ती आलेख घेऊन सरांच्या घरी गेली. सरांच्या पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती. सरांनी उभ्यानेच कागद वाचला.

"पाणी यंत्रातलंच नाही कशावरून?"

"जड पाण्यानेही पाहिलं, सर. वीस."

त्यांनी चष्मा काढला. "शंका मला होती गं. तेव्हा असं यंत्र नव्हतं. पुढे आलं, तेव्हा मी विचारायचंच टाळलं."

"रागावलात?"

"दोन वर्षांत या घरात कुणी केमिस्ट्रीचं अवाक्षर काढलं नाही. चूक तर चूक. तू बस आधी."

दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत होती. तिने ती उचलून खाली ठेवली. सर कागदावर अभिक्रियेचा मार्ग दाखवणारे बाण नव्याने काढू लागले. दुसराच बाण उलटा पडला, तो तिने खोडला.

शोधनिबंधात त्यांनी स्वतः एक ओळ घालायला लावली: आमची आधीची मांडणी चूक होती. छापून आल्यावर तीन पत्रं आली. दोन त्यांनी तिला फोनवर वाचून दाखवली. तिसरं लांबलचक आहे, म्हणाले, घरीच ये.