चार खोल्यांची एक कॉइल

दुपारी सव्वादोनला चौथ्या खोलीतले हेडमास्तर खुर्चीतून घसरून खाली पडले. शुद्ध थोड्या वेळात आली. सिस्टरने त्यांच्या मानेवर गार पाण्याची पट्टी ठेवली आणि खोलीतलं तापमान पाहिलं. एकतीस.

या रुग्णनिवासाच्या दुसऱ्या मजल्यावर बरं होऊन घरी जायला कुणी येत नाही. ओळीने चार खोल्या आहेत, खोलीत एकेक पलंग. पहिल्या खोलीत एक बाई बरेच महिने पडून आहेत. त्यांचा नवरा सकाळी येतो तो रात्री दिवे मालवल्यावरच जातो. त्यांची मुलगी इमारतींच्या गारव्याचे हिशेब करते. कुठल्या खोलीत ऊन किती, दिवे किती, माणसं किती आणि त्या सगळ्यांची उष्णता बाहेर काढायला थंडावा किती लागेल, हे ती कॉम्प्युटरवर इमारत उभी करून पाहते. मजला दुपारी तापतो अशा तक्रारी वाढल्या तेव्हा सिस्टरच तिला म्हणाली होती, "ताई, तुमचं हेच काम ना? मग बघा की जरा. आमचा मिस्त्री येतो, पंख्याला कान लावतो आणि 'मशीन ओके' म्हणून जातो."

मुलीने मजल्याचं मॉडेल केलं. चारही खोल्यांना मिळून एकच कॉइल आहे. थंड पाणी खेळणाऱ्या नळ्यांची ही जाळी. तिच्यावरून जाऊन गार झालेली हवा सगळीकडे पोचते. पाणी किती सोडायचं ते एक व्हॉल्व्ह ठरवतो आणि व्हॉल्व्हला सांगणारा सेन्सरही एकच, पहिल्या खोलीच्या भिंतीवर. मॉडेलमधला व्हॉल्व्ह दुपारी पुरता उघडत होता. खरा व्हॉल्व्ह नेमका दुपारी मिटत होता. बाहेर चाळीस अंश असताना सेन्सर वीस सांगत होता.

सेन्सर बिघडला असणार, असं तिने धरलं होतं. हेडमास्तर पडल्याचा फोन आला तशी ती ऑफिसातून उठली आणि सरळ पहिल्या खोलीत गेली. बाबा स्टुलावर उभे होते. एका हाताने त्यांनी भिंत धरली होती, दुसऱ्याने सेन्सरच्या डबीवर ओला रुमाल बसवत होते.

"बाबा!"

"हळू. आत्ता डोळा लागलाय तिचा."

"आधी खाली उतरा."

ते उतरले. "ओलं फडकं ठेवलं की गार वारा बंद होतो. मिस्त्रीच बोलता बोलता म्हणाला. हुशार आहे तो, तू उगाच हसतेस त्याला."

"मी हसत नाहीये."

"ती गारठते गं. पांघरूण घातलं की कण्हते, अंगाला वजन सोसत नाही. परवा दात वाजत होते. सगळे शाबूत आहेत अजून तिचे. माझे बघ!"

"बाबा, ही कॉइल एकट्या आईची नाही. इथे गार झालंय असं सेन्सरला वाटलं की चारही खोल्यांचं पाणी बंद होतं. हेडमास्तर आत्ता चक्कर येऊन पडले."

बाबांनी रुमाल काढून पिळला. फरशीवर थेंब पडले ते पायाने पुसले.

"लागलं का?"

"कोपराला. पण त्यांचं हृदय आधीच अधू आहे."

"काल बुद्धिबळात हरले माझ्याशी. म्हणे उकाड्यामुळे. मी म्हटलं, गुरुजी, घोडा काही उकाड्याने नाही मेला." ते हसायला गेले आणि थांबले. मग म्हणाले, "तुझ्या त्या कॉम्प्युटरातल्या खोलीत आई आहे का?"

"आहे. पडून असलेलं माणूस सत्तरेक वॅट उष्णता देतं. तेवढी धरलीय."

"आणि मी?"

"भेटायला येणारे धरत नाहीत, बाबा."

"भेटायला," ते म्हणाले.

ती दाराशी पोचली तेव्हा त्यांनी विचारलं, "हे अहवालात लिहायलाच हवं का? डॉक्टर महिना म्हणाले. तोही मला बरं वाटावं म्हणून."

अशा कामात एक पळवाट असते आणि ती या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असते. मॉडेल आणि मोजमाप जुळेना की खिडकीतून येणारं ऊन जरा वाढवायचं. मुलीने ते वाढवलं. चारही खोल्यांचं तापमान मोजमापावर चपखल बसलं. पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे लावावेत, एवढं एक वाक्य लिहिलं की काम संपत होतं. तिने ते लिहिलं. मग मॉडेलमध्ये पडदे लावून पाहिले. चौथी खोली चोवीसवर आली. मॉडेलमधले हेडमास्तर सुखरूप होते.

तिने वाक्य खोडलं.

अहवालात तिने दोन गोष्टी सुचवल्या. सेन्सर पहिल्या खोलीतून काढून चौघांची हवा जिथून परत येते त्या पोकळीत, हात पोचणार नाही असा बसवावा. आणि पहिल्या खोलीकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत एक छोटा हीटर घालावा, म्हणजे तेवढीच खोली उबदार राहील. आईला ऑक्सिजन लावलेला होता, त्यामुळे खोलीत साधा हीटर ठेवायची सोय नव्हती. हवेची जाळी बुजवायलाही मनाई होती, ताजी हवा तिथूनच येत होती. कॉम्प्युटरवर सगळं जमलं: तीन खोल्या चोवीस, आईची अठ्ठावीस.

सेन्सर दुसऱ्याच दिवशी हलवला. मिस्त्री वर चढला तेव्हा बाबांनी त्याचं स्टूल घट्ट धरलं. "काका, माझ्यावर राग नाही ना?" मिस्त्रीने वरूनच विचारलं. "स्क्रू नीट आवळ," बाबा म्हणाले.

हीटरला मंजुरी समितीची लागते. समिती पुढच्या महिन्यात बसणार आहे. घाई करता येईल का, असं मुलीने दोनदा विचारलं. बघतो म्हणाले.

काल सकाळी ती आली तेव्हा खोली चोवीसवर होती. बाबा पलंगावर पायथ्याशी बसले होते. सदऱ्याची बटणं सोडून त्यांनी आईचे दोन्ही तळपाय उघड्या पोटाशी धरले होते आणि वरून सदरा ओढून घेतला होता. नातेवाइकांनी पलंगावर बसायचं नाही, असं सिस्टरने आधी बजावलं होतं. काल तिने बाहेरून दार लोटून घेतलं.

"चहा आणू, बाबा? जरा पाय मोकळे करून या."

"नको. हलू नका म्हणालीय ही."

आई आठवडाभर कुणाशी बोललेली नाही. हीटरचा अर्ज समितीकडे आहे.