हातगुण

तळघरातल्या त्या खोलीत एरवी दोन माणसं उभी राहिली तरी कोपराला कोपर लागायचं. त्या सोमवारी तिथे वीस-बावीस जण कोंबले होते. परिचारिका होत्या, औषधांच्या खिडकीवरचा माणूस होता, लिफ्टवाला तर लिफ्ट वाऱ्यावर सोडून आला होता. सगळ्यांच्या माना एका लोखंडी कपाटाकडे वळलेल्या. कपाटात दोन जुनाट राउटर आणि दोघांना जोडणारी हातभर लांबीची जाड केबल. वरचा राउटर इस्पितळाचा, खालचा रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेचा. प्रयोगशाळेचे अहवाल या केबलमधून वॉर्डांत जात. दर सोमवारी सकाळी ते जाईनासे होत.

"यंत्रालाही जीव असतो!" कपाटापुढे उभे असलेले स्पंदनगुरू गरजले. "जीव आहे म्हणून स्पंदन, स्पंदन आहे म्हणून काल. या यंत्राचा काल नासलाय!"

त्यांनी भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे करायला लावलं. मग डोळे मिटले आणि उजवा तळवा खालच्या राउटरवर टेकवला. कोपऱ्यात स्टुलावर त्यांचा दाढीवाला शिष्य मांडीवरच्या लॅपटॉपवर 'स्पंदनं टिपत' होता. लॅपटॉपची वायर राउटरला लावलेली होती. पण साक्षात गुरूंचा तळवा समोर असताना वायरीकडे कोण बघतं? दोन मिनिटांत दिवा हिरवा झाला. लिफ्टवाल्याने हात जोडले. अधीक्षक साहेबांनी तर गुरूंचे पायच धरले, आणि हा माणूस विज्ञानाचा पदवीधर!

दाराबाहेर तारबाई उभी होती. इस्पितळातल्या सगळ्या तारा, राउटर, संगणक तिच्याकडे, म्हणून हे नाव. आत यायला तिला मनाई होती.

कारण असं की दर सोमवारी नऊ वाजता जनित्राची चाचणी असे. तेवढ्यापुरतं कपाट बंद करायचं आणि दहा मिनिटांनी पुन्हा चालू करायचं, हे काम तारबाईचं. ती बटण दाबायची, आणि तिच्या हाताखाली लाइन मरायची. दोन राउटरमधल्या अशा जोडणीला सिरियल म्हणतात. पहिल्या सोमवारी तिने वर फोन करून सांगितलं, "सिरियल पडली," तर वॉर्डातून विचारणा झाली, "कुठली, दुपारची की रात्रीची?" तेव्हा सगळे हसले होते. कंत्राटदाराची वाट बघत दोन आठवडे चिठ्ठ्यांवर काम रेटलं; तिसऱ्या सोमवारी स्पंदनगुरू आले आणि हसणं थांबलं. "इथे कुणाच्या तरी हातात विष आहे," त्यांनी निदान केलं. कुणाच्या, ते सांगायची गरजच उरली नाही. एखाद्या सोमवारी ते बटण लिफ्टवाल्याने दाबून पाहिलं असतं, तर लाइन त्याच्याही हाताखाली मेली असती आणि विषाची गोष्ट तिथेच संपली असती. पण पारखून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. विष आहे म्हटल्यावर बटणाला हात लावायची हिंमत कुणाचीच होईना, म्हणून त्या विषारी हाताकडूनच बटण दाबून घेत राहिले. याला काय म्हणावं?

बातमी घरी पोचवली नणंदेने. ती याच इस्पितळात परिचारिका. धाकट्या जावेला सातवा महिना होता. एका संध्याकाळी तिची पाठ चोळायला तारबाई बसली, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं. तू नको हात लावूस तिला."

तारबाईने हात मागे घेतला. राग आला, पण त्याच क्षणी तिला स्वतःच्याच तळव्याची शंका आली. त्या शंकेचाच तिला पुढे सगळ्यात जास्त संताप आला.

बिघाड तिला ठाऊक होता. पासवर्डशिवाय जेवढं दिसतं तेवढं तिने पाहिलं होतं. त्या जोडणीसमोर पडद्यावर दोन शब्द येत. पहिला 'अप', म्हणजे केबल धडधाकट. दुसरा 'डाउन', म्हणजे बोलणं बंद. आणि खाली स्पष्ट लिहिलेलं असे की बोलण्याचा ठेका, म्हणजे ताल, देण्याचं काम खालच्या राउटरचं आहे, पण ठेका दिलेला नाही. ठेका लावायला पासवर्ड हवा. तो बंद पाकिटात, पाकीट अधीक्षकांच्या खणात. तिने ते मागितलं.

"गुरू म्हणालेत, पाकीट फोडलं तर शक्ती फुटेल," अधीक्षक म्हणाले. "आणि हो, पुढच्या सोमवारची चाचणी झाली की तुम्ही या कामावर नाही. पत्र तयार आहे."

"कारण काय लिहिलंय, साहेब?"

"कारण कशाला लिहायला हवं? सगळ्यांना माहीत आहे."

तो सोमवार उजाडला. तारबाईने बटण दाबलं, लाइन मेली, गर्दी जमली. पण या वेळी प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई स्वतः जिना उतरून खाली आल्या. लाइन बंद असली की अहवालाच्या चिठ्ठ्या हातोहात तीन मजले धावत, आणि त्या सकाळी दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. चुकीचं रक्त पेशंटच्या उशाशी टांगलं गेलं होतं. नळी लावायच्या आत एका परिचारिकेने पिशवीवरचा गट वाचला, म्हणून निभावलं.

"हा तमाशा किती वेळ चालणार?" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

"दोन मिनिटं, माई," गुरू मधाळ आवाजात म्हणाले. "तळवा ठेवला की झालं."

तारबाई मनाई मोडून आत शिरली. "ठेवा तळवा. दोन्ही ठेवा. फक्त त्या लॅपटॉपची वायर काढा."

शिष्याची बोटं थबकली.

"स्पंदनं टिपली नाहीत तर प्रवाह उलटतो!" गुरू ओरडले.

"उलटू दे, मी इथेच उभी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि वायर स्वतःच्या हाताने उपसली. मग त्या शिष्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "थांब. दोन महिन्यांपूर्वी हा राउटर दुरुस्त करून पासवर्ड घालायला कंत्राटदाराचा माणूस आला होता, त्याच्या पावतीवर मी सही केली होती. दाढी नव्हती तेव्हा. तूच ना तो?"

शिष्याने लॅपटॉप मिटला. गुरूंनी तळवा ठेवला. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. घड्याळ पुढे करून झालं, मागे करून झालं. कपाळावरून घाम ओघळला, दिवा काही हिरवा होईना.

"पाकीट आणा," डॉक्टरीणबाई अधीक्षकांना म्हणाल्या. "आत्ता."

पाकीट आलं. तारबाईने स्वतःचा लॅपटॉप जोडला आणि पडदा गर्दीकडे फिरवला.

"नीट बघा. दोन राउटर अशा केबलने जोडले की एकाने ठेका धरायचा असतो, दुसऱ्याने त्या ठेक्यावर बोलायचं. कुणी धरायचा ते केबलच्या टोकावर छापलेलं आहे. ठेक्याला इंग्रजीत क्लॉक म्हणतात. या शिष्याने तो शब्द गुरूंना शिकवला आणि गुरूंनी भिंतीवरचं घड्याळ फिरवलं! मी हात कुठेही लावत नाही. ही एक ओळ लिहिते."

तिने ओळ लिहिली. चौसष्ट हजार, सेकंदाला एवढे ठोके. काही क्षणांत दुसरा शब्दही 'अप' झाला आणि दिवा हिरवा झाला.

"मग दर सोमवारी मरतं कसं?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"शाब्बास! हा प्रश्न पाच आठवड्यांपूर्वी विचारायचा होता. लिहिलेलं जपून ठेवायला वेगळा हुकूम द्यावा लागतो. नाही दिला, तर ते पाटीवरची अक्षरं. वीज गेली की पुसली. हा माणूस ठेका लावायचा आणि मुद्दाम जपायचा नाही, म्हणजे पुढच्या सोमवारी पुन्हा गुरू, पुन्हा तळवा."

तिने तो हुकूम दिला. मग सगळ्यांदेखत कपाटाचं बटण बंद केलं. कुणीतरी "अहो, नको!" म्हणून किंचाळलं. ती नणंद होती. तारबाईने तिच्याकडे बघत त्याच हाताने बटण पुन्हा दाबलं. राउटर जागा व्हायला चार मिनिटं लागली. मग दिवा आपोआप हिरवा झाला.

गुरू आणि शिष्य दाराकडे सरकले. डॉक्टरीणबाईंनी पहारेकऱ्याला दारातच उभं केलं होतं.

अधीक्षकांनी सुटकेचा श्वास सोडला. "चला, बरं झालं! तुमच्या हाताचं विष उतरलं म्हणायचं."

तारबाईचा आवाज चिरकला. "उतरलं नाही, साहेब! नव्हतंच! विष उतरलं म्हणाल, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात ते चढवाल. आज रक्ताची चुकीची पिशवी टांगली गेली ती कुणाच्या हाताने नाही, तुम्ही पाकीट उघडलं नाहीत म्हणून. तळवा ठेवणारा भेटला, की त्याची वायर काढून बघा. दोष देणारा भेटला, की बटण स्वतः दाबून बघा. एवढंच करायचं असतं. तेवढंही जमत नसेल, तर निदान दुसऱ्याच्या हाताला नावं ठेवू नका!"

वर वॉर्डात अहवाल उमटायला लागले होते, आणि डॉक्टरीणबाई ज्याच्या-त्याच्या नावाशी ताडून बघा म्हणून फोनवर ओरडत होत्या.