बायकांचा तास

मालकांचे जावई अकलेचे तारे तोडायला लागले की आम्ही कामवाले माना खाली घालतो. मुसलमान तरुण जोडप्यांना कसं हॉटेल आवडतं, या विषयावरच्या कार्यशाळेला ते दोन दिवस जाऊन आले आणि लगेच टेंभा मिरवायला लागले. खोल्यांत नमाजाच्या चटया आल्या, बारमधल्या बाटल्या गेल्या, पोहण्याच्या तलावाला 'दुपारी तीन ते चार फक्त बायका' अशी पाटी लागली. मी स्वतः मुसलमान, अकरा वर्षं त्याच तलावावर टॉवेल देतेय. पण मला एका शब्दानं विचारलं नाही. टॉवेलवालीला काय कळतंय म्हणा.

सोमवारी एक नवी नवरी आली. शाळेत पोहण्यात पहिली यायची म्हणे, पण बाराव्या वर्षी डोकं झाकायला लागली तेव्हापासून पाण्यात उतरलीच नव्हती.

"चार हॉटेलं सोडून हे घेतलं, खाला, फक्त या तासासाठी," ती म्हणाली आणि कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "तो चालू असतो?"

मी जावयांना फोन लावला.

"अगं, त्या तासाला बंदच असतो. एवढं कळत नाही का आम्हाला?" माझ्या धाकट्याच्या वयाचा माणूस, मला 'अगं' म्हणतो.

"जा बिनधास्त," मी तिला म्हटलं. "माझी जबाबदारी."

काय पोहली पोरगी! या टोकाची त्या टोकाला, पुन्हा या टोकाला. मग मोकळ्या केसांनी उताणी होऊन नुसती पडून राहिली, स्वतःशीच हसत. मला बघूनच बरं वाटलं.

तेवढ्यात जावयांचा फोन.

"अगं, त्या पाहुणीला टोपी घालायला सांग. केस जाळीत अडकतात, नियम आहे."

"साहेब, तिचे केस तुम्हाला कुठून दिसले?"

पलीकडे नुसतं खाकरणं, मग फोन बंद. धड खोटंही बोलता येईना शहाण्याला.

मोठा टॉवेल पसरून मी कॅमेऱ्याकडे पाठ करून काठावर उभी राहिले. "बाहेर ये, पोरी."

"तास झाला?"

"नाही."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या मागे, वर. बाहेर आली. आधी डोकं झाकलं, मग अंग.

"खाला, तुम्हाला माहीत होतं?"

मी नाही म्हटलं. शपथ घेतली. तिनं विश्वास ठेवला नाही. आणि कसा ठेवेल? माझ्या शब्दावरच तर ती पाण्यात उतरली होती.